तुला थांबवलेली सात मिनिटं

दादा, परवा मी तुला सात मिनिटं थांबवलं. रेडिओवर मयताच्या बातम्यांत सांगितलं होतं की अंत्ययात्रा कात्र बोर्नमधल्या तुझ्या घरातून तीन वाजता निघेल. ती तीन वाजून सात मिनिटांनी निघाली. तुला आयुष्यात कोणी ताटकळत ठेवलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. कायद्याच्या शाळेतले तुझे सहकारी काळ्या कोटांत घाम पुसत उभे होते. एक-दोघांनी हळूच मनगटं वळवून पाहिली, भटजींनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मी म्हणालो, थांबा. सगळे थांबले. एरवी धाकट्या भावाचं कोण ऐकतं? पण तुला मूलबाळ नाही, वहिनी चार वर्षांपूर्वीच गेली, त्यामुळे अग्नी देणारा मीच होतो. त्या दुपारपुरता तुझ्यावर माझा हुकूम चालला.

तीन ही वेळसुद्धा मीच दिली होती. रेडिओच्या माणसाने फोनवर विचारलं, किती वाजता लिहू? दोन म्हणता आलं असतं, चार म्हणता आलं असतं. मी मुद्दाम तीन म्हणालो. तू जिवंत असतास तर माझ्याकडे चष्म्यावरून एकदा बघितलं असतंस आणि पुढच्या कागदाकडे वळला असतास.

तुझ्याबद्दल छापून येण्यासारखं सगळं छापून आलं आहे. फ्लाक जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट, मग राजधानीतल्या कोर्टाच्या कचेरीचा प्रमुख, मग न्यायाधीश, शेवटी कायद्याच्या शाळेचा मुख्य. फोटोही चांगला आला आहे, विग घातलेला. त्या सगळ्या मजकुरात रुक्मिणकाकीचं नाव कुठेही नाही. म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. तिला वाचता येत नाही आणि तू आता वाचणार नाहीस, तेव्हा मला खरं लिहायला हरकत नाही.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी चार. बाबा पहाटेच मळ्यावर ऊस तोडायला जायचे. आपल्याला वाढवलं काकीने. काका तरणाताठा असतानाच वारला, तिच्या पोटी काही नव्हतं. बों अक्योय या आपल्या गावातलं तिचं पत्र्याचं घर, परसात एक गाय, फणसाचं झाड आणि आपण दोघं, एवढाच तिचा संसार. गणपतीत गावातल्या झाकरीचा नाच तिच्याच अंगणात व्हायचा. आपल्या गावच्या मराठी लोकांना दुसरी जागाच ठाऊक नव्हती. तू शिष्यवृत्ती मिळवून लंडनला निघालास तेव्हा तिने लिंबाच्या लोणच्याची बाटली चार फडक्यांत गुंडाळून दिली. ती बोटीवर फुटली आणि तुझे सगळे शर्ट पिवळे झाले. तू पत्रात लिहिलंस की लोणचं फार छान होतं. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. खरं काय झालं ते तू मला पुष्कळ वर्षांनी सांगितलंस, आणि तेव्हा दोघंही पोट धरून हसलो.

म्हणजे तुला खोटं बोलता येत होतं. हे मला विसरायचं नाही. मला मास्तरांनी एकच वाक्य शंभर वेळा लिहायची शिक्षा दिली होती, ती अर्धी तूच माझ्या अक्षरात लिहून दिली होतीस. पकडला गेलास. हातावर छड्या तू खाल्ल्यास आणि घरी काकीला सांगितलंस की झाडावरून पडलो. तिने हळद लावली. तो मुलगा मला फार आवडायचा. तो नेमका कुठे गेला, हा आपला खरा वाद. तो आपण कधी घातलाच नाही.

लंडनहून तू सरळ होऊन आलास. इतका सरळ की तुझ्या बाजूने चालताना मलाही पाठ ताठ करावी लागायची. मला नोकरी तूच लावलीस, कोर्टाच्या कचेरीत, खिडकीवरचा कारकून म्हणून. पुढे तूच तिथला प्रमुख झालास. तुझ्याआधी ती कचेरी म्हणजे नुसता गोंधळ होता. लाल फितीच्या गठ्ठ्यांवर धूळ, खेड्यातून आलेली माणसं बाकावर दिवसभर बसून संध्याकाळच्या बसने तशीच परत. शिपायाच्या हातात काही ठेवल्याशिवाय कागद सापडायचा नाही. तू सहा महिन्यांत सगळं उलटंपालटं केलंस. प्रत्येक फायलीला क्रमांक, प्रत्येक कागदावर वेळेचा शिक्का, दिवस संपला की नोंदवहीत शेवटच्या ओळीखाली लाल रेघ. रेघ मारली की त्या दिवसात ब्रह्मदेवालाही जागा नाही. लोक तुला दुवा देत होते, आणि ते खोटं नव्हतं. मीसुद्धा अभिमानाने सांगत फिरायचो.

आणि घड्याळ. कारकून उशिरा यायचे, कारण बस उशिरा यायच्या. तू म्हणालास, भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेव, सीताराम. आपल्या लोकांना वेळेवर आणायचा दुसरा उपाय नाही. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी रेडिओवरच्या टिकटिकीला माझं घड्याळ लावायचो आणि स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देऊन त्यात दहा मिनिटं घालायचो. तूही आपलं मनगटावरचं घड्याळ त्याच्याशीच जुळवलंस, दोघांत भांडण नको म्हणून. कचेरीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. वकिलांच्या कारकुनांनाही ठाऊक होतं, ते तीनला पंधरा कमी असतानाच धावत यायचे. ठाऊक नव्हतं ते फक्त खेड्यातून येणाऱ्यांना. खिडकी तीनला बंद व्हायची, भिंतीवरच्या तीनला.

मग, बाबा गेल्यावर, काकीच्या दुसऱ्या दिराने, आपल्याच चुलत्याने, तिच्या घरावर दावा लावला. जागा वडिलोपार्जित, बाईचा हक्क नाही, वगैरे. खालच्या कोर्टात ती हरली. अपिलाला मुदत होती आणि वकिलाने कागद शेवटच्या दिवशी तयार केला. तो म्हणाला, माझा माणूस नेऊन देईल. काकी म्हणाली, कशाला, तिथं माझी दोन्ही पोरं हायत. हीच तिची चूक. दुसऱ्या कुणाची आत्या-मावशी असती तर तिने कागद वकिलाच्या माणसाकडे दिला असता आणि तो वेळेत पोचला असता.

भिंतीवर तीन वाजून तीन मिनिटं झाली होती. मी खिडकी नुकतीच ओढून घेतली होती. काचेवर टकटक झाली. काकी उभी होती, पदराने मान पुसत, एका हातात कागद, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. आपल्यासाठी परसातली भेंडी आणली होती तिने. माझ्या मनगटावर तीनला सात कमी होते. मी आत तुझ्याकडे आलो. म्हणालो, दादा, काकी आलीय, अपिलाचा कागद आहे, आज शेवटचा दिवस. तू उठून बाहेर आलास. खोलीत दोन वकिलांचे कारकून अजून रेंगाळत होते. त्याच आठवड्यात कुणीतरी वर निनावी पत्र धाडलं होतं की या कचेरीत भावाभावांचं राज्य आहे. तू भिंतीकडे पाहिलंस. मग खिडकी चार बोटं उघडलीस.

"लेर फिन पासे, मादाम," तू इथल्या क्रेओल बोलीत म्हणालास. वेळ संपली, बाई. "रेविनी दिमें." उद्या या.

उद्या. आणि मादाम. जिच्या मांडीवर डोकं ठेवून तू पाढे पाठ केलेस तिला मादाम. कारकून ऐकत होते म्हणून मराठीचा एक शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. काकीला काही समजलं नाही, की समजलं तरी तिने विश्वास ठेवला नाही. ती हसली. "यशवंता, मी हाय रे," ती म्हणाली. तू खिडकी बंद केलीस आणि मला म्हणालास, रेघ मार.

मी रेघ मारली. माझ्या खऱ्या घड्याळात तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती. मला बोलता आलं असतं. पाच शब्द पुरे होते, दादा, घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. पण माझी नोकरी पक्की व्हायची होती, कारकून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला तुझी भीती वाटायची. मान वर केली तेव्हा ती काचेपलीकडून माझ्याकडेच बघत होती. मी लेखणी पुसत बसलो.

घर गेलं. दिराने फणस तोडला, गाय विकायला लावली. काकी लालमती गावात भाचीच्या घरी एका खोलीत राहायला गेली. तू दर गणपतीला तिला ड्रायव्हरबरोबर लुगडं पाठवायचास. ती ते ठेवून घ्यायची आणि ड्रायव्हरला चहा पाजायची. तू स्वतः मात्र लालमतीला एकदाही गेला नाहीस. मी महिन्याकाठी जायचो, तिच्या हातचं जेवायचो, घड्याळाबद्दल चकार शब्द काढायचो नाही. म्हणजे मी तुझ्यापेक्षा बरा होतो असं मी स्वतःला सांगत होतो.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी मी तुला कधीतरी माफ केलं असतं. पण तू कायद्याच्या शाळेत गेलास, मलाही ऑफिसात घेऊन गेलास, आणि तिथे तू त्या दुपारचं भाषण केलंस. दर वर्षी, नव्या मुलांच्या पहिल्या दिवशी. काळी जाकिटं घालून उकाड्यात बसलेली ती मुलं, आणि दरवाजा ठोक्याला बंद करून तू सुरू करायचास: एका दुपारी, तीन वाजून तीन मिनिटांनी, एक बाई माझ्या खिडकीशी आली. तिने मला वाढवलं होतं. मग थांबायचास. किती थांबायचं ते तुला बरोबर कळायचं. शेवटी म्हणायचास, त्या दिवशी मी एक माणूस गमावलं आणि न्यायाधीश झालो. मुली रुमाल काढायच्या. मी मागे उभा राहून वेळापत्रकं वाटत असे. काकीचं घर घेतलंस ते घेतलंस, वर त्याचा धडाही करून शिकवलास.

मला सांग, तुझा स्वतःचाच हुकूम तू विसरलास? निकालांची पानं तुला तोंडपाठ होती. कोणत्या फायलीत कोणता कागद उलटा लावलाय ते तू न बघता सांगायचास. आणि दहा मिनिटं तेवढी विसरलास? हे मी मनात तुला शेकडो वेळा विचारलं आहे. माझ्या मनातल्या त्या खटल्यात तू दर वेळी दोषी ठरलास.

मग ते वर्ष आलं. लॉंग माउंटनची एक पोरगी, बारीक, दोन वेण्या, उभी राहिली. म्हणाली, सर, घड्याळ बरोबर होतं का? वर्ग हसला. तूही हसलास. मागे माझ्याकडे हात केलास आणि म्हणालास, हे सीतारामला विचारा, चावी तोच द्यायचा. सगळ्यांनी माना वळवल्या. किती वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो, दादा. तू मला तो आयता हातात दिलास. मी म्हणालो, बरोबर होतं, मिस.

त्या संध्याकाळी तू मला गाडीतून स्टॉपपर्यंत सोडलंस. सिग्नलपाशी म्हणालास, "सीताराम, त्या कचेरीतलं घड्याळ..." मी म्हणालो, काय? तू म्हणालास, काही नाही. पुढच्या वर्षी भाषणात तीन वाजून तीन मिनिटं नव्हती. तू नुसतं म्हणालास, बाई उशिरा आली. मी मागे उभा राहून ऐकलं आणि मनाशी म्हटलं, म्हणजे याला आठवलंय. आठवलं आणि तरी सांगतोय. मग तर मला तुझा तिरस्कार करायला मोकळं रानच मिळालं.

आता हॉस्पिटलचं. हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, तिसऱ्या कुणाला नाही. शेवटच्या पंधरवड्यात तुझं इंग्रजी गळून गेलं, मग फ्रेंच, मग क्रेओलही. उरली ती बों अक्योयची मराठी. तू म्हणालास, "सीतू, काकीला बोलव." कित्येक वर्षांनी तू मला सीतू म्हणालास. मी म्हणालो, बघतो. लालमती तिथून फार तर दीड तासावर. मी गेलो नाही. निरोपही धाडला नाही. दोन दिवसांनी तू पुन्हा विचारलंस. मी म्हणालो, दादा, भेटीची वेळ संपते ना, तिच्या बसला उशीर होतो. तू भिंतीवर घड्याळ शोधलंस. त्या खोलीत घड्याळ नव्हतं. मग तू मान हलवलीस, नियम म्हटल्यावर तू नेहमीच ऐकलंस. मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो. वाईट वाटलं असं लिहायला मला आवडेल, पण त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

तुझं जाणं तिला रेडिओवरूनच कळलं. बाकी सगळ्यांना कळलं तसंच. दोन बस बदलून, ऐंशी उलटलेली बाई, भाचीचा हात धरून निघाली. ती निघाली आहे हे मला भाचीच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं होतं, म्हणून मी थांबा म्हणालो. मला वाटलं होतं की तिला त्या फाटकातून आत येताना तू थांबलेला दिसावा. तेवढा माझा न्याय.

ती आली. चालायला वेळ लागत होता, कुणी घाई केली नाही. तुझ्या पायाशी बसली, हातातलं जास्वंदीचं फूल ठेवलं, तुझ्या अंगठ्याचं नख चाचपलं. लहानपणी ठेच लागून वाकडं झालेलं, ते. मी तिच्याजवळ वाकलो आणि मला राहवलं नाही. सगळं बोललो, हळू आवाजात, भटजी मंत्र म्हणत असताना. काकी, त्या दिवशी घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. तुझी वेळ संपली नव्हती. दादाचाच हुकूम होता तो.

तिने वर पाहिलं नाही. "माला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"कसं?"

"फाटकावर राखणीला गार्दियें उभा व्हता. त्याला इचारलं, किलेर ला? त्यानं सांगितलं, तीनला धा कमी. मी जिना चढून आली. जिना चढायला काय धा मिंटं लागतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू? यशवंतानं भिंतीवर बघितलं. त्याला भिंतीवर दिसलं ते त्यानं सांगितलं. हुकूम देनारा इसरतो रे, त्याला सतरा हुकूम असतात. चावी देनारा कसा इसरंल? तू माज्याकडं बघितलंस, मग लेखनी पुसत बसलास." ती थांबली, दम लागला होता. "घर तर गेलंच व्हतं. बोलली असती तर तुजी नोकरी पन गेली असती. दोन पोरांतला एक तरी महिन्याला जेवायला येत व्हता."

इतकी वर्षं मी तिच्या ताटात जेवलो, दादा, आणि ती मला वाढत राहिली. माझ्या खटल्याचा निकाल तिने पहिल्याच दिवशी लावला होता आणि तुला त्यात सोडून दिलं होतं. तुझं भाषण, गाडीतलं तुझं काही नाही, हे सगळं तिला सांगावं असं मला वाटलं. ही बाई तुला निर्दोष समजून घरी जाणार, हे मला सहन होईना. तेवढ्यात तिनेच विचारलं.

"जाताना त्यानं माजं नाव काढलं व्हतं का?"

तिचा हात अजून तुझ्या पायावरच होता. तुझे ते दोन दिवस, सीतू म्हणणं, भिंतीवर घड्याळ शोधणं, सगळं माझ्या जिभेवर होतं. एक हो म्हटलं असतं तर तुम्हा दोघांचंही साधलं असतं.

मी म्हणालो, नाही, काकी.

तिने मान हलवली, तू हलवायचास तशीच. लुगड्याचा पदर सारखा केला आणि भाचीच्या आधाराने उठली. मी खूण केली, चौघांनी तुला उचललं. फाटकापाशी तिने मला थांबवून विचारलं की लालमतीकडची शेवटची बस किती वाजता सुटते. मी मनगटावर पाहिलं आणि सांगितलं. ती वेळ मात्र मी बरोबर सांगितली.